मिलिंदची गाडी

अर्णव आणि सई यांस,

परवा तुमच्या बाबानं फोटो पाठवला. अर्णव, तू त्या जुन्या गाडीखाली आडवा पडला आहेस, तुझे फक्त पाय दिसताहेत, आणि सई टॉर्च धरून उभी आहे. पंधराव्या वर्षी आपली पहिली गाडी आपल्याच हातानं नीट करायची, याचं तुझ्या आईला कौतुकही वाटतं आणि धास्तीही. फोनवर तू मला विचारलंस, "आजी, तुमच्याकडे कुणी असं करायचं का?" मी "नाही रे" म्हणाले. ते खरं नव्हतं. एका मुलानं केलं होतं. फोनवर सांगून होण्यासारखं ते नाही, म्हणून लिहिते.

बाहत्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी शेतकी खात्यात असलेल्या तुमच्या आजोबांची बदली झाली आणि आम्ही टेंभुर्णीजवळच्या एका गावात राहायला गेलो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. त्या माणसांची नातवंडं आजही तिथं राहतात. जालना तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, पण आमच्या लेखी शहर म्हणजे जालनाच. रेल्वे तिथं, मोठा दवाखाना तिथं, साधी सुई हवी असली तरी लोक म्हणत, जालन्याला कुणी जातंय का बघा. मी औरंगाबादला इंग्रजी घेऊन बी.ए. झाले होते, त्यामुळे गावच्या हायस्कुलात मला लगेच घेतलं. राहायला पाटलांच्या आवारातल्या दोन खोल्या मिळाल्या. समोर त्यांचा गोठा आणि गोठ्याला लागून पत्र्याचं एक शेड. त्या शेडमध्ये कडब्याच्या पेंढ्यांखाली एक काळी विलायती मोटार पडून होती. निजामाच्या काळातल्या कुणा जहागीरदारानं मुलूख सोडताना ती पाटलांच्या वडिलांकडे ठेवली, आणि ती तिथंच राहिली. पुढची कंपनीच्या नावाची पट्टी कुणीतरी उपटून नेली होती. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या.

मिलिंद नववीत माझ्या वर्गात होता. वय चौदा. मनगटं लांब, त्यामुळे शर्टाच्या बाह्या कायम आखूड पडलेल्या. त्याला एक विचित्र सवय होती. कोणतीही वस्तू हातात आली की तो आधी तिचा वास घ्यायचा. खडू, नवं पुस्तक, माझी शाईची बाटली. मुलं त्याला चिडवायची, "काय रे, खाऊन राह्यला का?" तो चिडत नसे. पुढं मला कळलं, की तेलात रॉकेल किती मिसळलंय हे तो नाकानं सांगू शकतो.

एकदा तासाला मी विचारलं, कुणाला कुठल्या शब्दाचा अर्थ हवा आहे का. हा उठला.

"बाई, चोक म्हंजे काय?"

धड्यात हा शब्द कुठंच नव्हता. मी म्हटलं, "गळा दाबणं, घुसमटवणं."

तो म्हणाला, "मंग गाडीचा गळा दाबायची खुट्टी गाडीतच कशाला बसवली असंल?"

वर्ग हसला. मी मात्र ओळखलं, की हा शेडमधल्या त्या मोटारीत बसून आला आहे.

आता एक रीत तुम्हाला सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. मिलिंदची वस्ती गावाच्या पूर्वेला, ओढ्यापलीकडे होती. ती सगळी घरं छप्पन साली बौद्ध झाली. त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या गावात कुणाचं जनावर मेलं, की ते ओढून शिवाराबाहेर न्यायचं काम त्यांच्यावर लादलेलं होतं. जनावर जितं आहे तोवर मालकाचं, मेलं की ओढणाऱ्याचं. धर्मांतरानंतर वस्तीनं ते काम टाकलं ते टाकलंच. गावानं ते मनात ठेवलं होतं.

पाटलांना मिलिंद शेडमध्ये तिसऱ्यांदा सापडला, तेव्हा त्यांनी त्याच्या वडिलांना बोलावून घेतलं. वडील किसनराव. उंच, हाडकुळे, बोलण्याआधी बराच वेळ थांबणारे. मी ओसरीवर वह्या तपासत बसले होते.

"काय किसन, तुझं पोरगं माझ्या शेडात काय करून राह्यलंय?"

"काही घेतलं न्हाई मी," मिलिंद म्हणाला. "नुसतं बघून राह्यलो व्हतो."

पाटलांना एकदम गंमत सुचली. गोठ्यातल्या गड्यांकडे बघत ते म्हणाले, "एवढी आवडली का? मंग ने की. मेलेलं धूड हाय, घेऊन जा ओढून. मेलेलं ओढायचं काम तुमचंच न्हाई का? लई वर्सं झाली, हात विसरले असतील तुमचे." गडी हसले. पाटील माझ्याकडे वळले. "काय बाई, खरं का न्हाई?"

मीही हसले. घरमालक हसला की भाडेकरू हसतो, तसं.

किसनराव म्हणाले, "मेलेलं आम्ही ओढत न्हाई, पाटील."

तेवढ्यात मिलिंद बोलला. "ती मेली न्हाई. अडकली हाय."

"अस्सं? बघू मंग तुझं डाक्टरपण," असं म्हणून पाटील हसत घरात गेले.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मिलिंद माझ्या ओसरीच्या पायरीशी उभा राहिला. हातात वाळवीनं निम्मं खाल्लेलं एक इंग्रजी पुस्तक. गाडीच्या कप्प्यात सापडलेली ती माहितीची पुस्तिका होती. "बाई, बा म्हणला, दोरी लावून वस्तीत आणायची न्हाई. आपल्या चाकावर आली तर येऊ दे. तुम्ही ह्ये वाचून दाखवता का?"

म्हणजे गाडी शेडमध्येच नीट व्हायला हवी होती. मग तिनं स्वतः आवाराबाहेर पडायचं, गाव ओलांडायचं, ओढा ओलांडायचा आणि वस्तीत जायचं. त्याला गाडी हवी होती हे खरं, पण वडिलांनी घातलेल्या या अटीनं ती हवी होती. बारा-तेरा महिने त्या मुलानं दुसरा विचार केला नाही.

मला शिस्तीची आवड, हे तुम्ही जाणताच. मी एक वही केली, पुस्तिकेतलं एकेक पान मराठीत उतरवलं आणि वाक्यांना आकडे घातले. वहीला हात लावण्याआधी तो राखेनं हात घासून यायचा. इंजिन गंजून जाम झालं होतं. करीमचाचांनी त्याला उपाय सांगितला होता. नवीन जालन्यात स्टेशनकडच्या रस्त्यावर त्यांचं गॅरेज होतं. दर रविवारी मिलिंद ट्रकवर बसून तिथं राबायला जायचा आणि मजुरीऐवजी जुने सुटे भाग आणायचा. उपाय असा, की प्लगच्या भोकांतून रॉकेल आणि तेल ओतायचं, रोज एकदा इंजिन फिरवायच्या हँडलला जोर द्यायचा, आणि वाट बघायची. त्यानं सात आठवडे वाट पाहिली. रोज सकाळी शाळेआधी मला शेडमधून त्याचा हुंकार ऐकू यायचा, मग काही नाही. एका सकाळी तो पळत पायरीशी आला आणि बोटाचं पहिलं पेर दाखवलं.

"एवढं हललं, बाई. बिलकुल एवढं."

मी पुस्तिकेत वाचलेलं एक वाक्य त्याच्या अंगात इतकं मुरलं, की मला त्याचं हसू यायचं. हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा, नाहीतर इंजिनाच्या उलट्या झटक्यानं तो मोडतो. त्यानंतर मिलिंद बादलीची कडी, विहिरीचा दोर, सायकलची मूठ, सगळंच अंगठा आत न वळवता धरू लागला.

मी एकदा सामान आणायला जालन्याला गेले, तेव्हा करीमचाचांना भेटले. ते म्हणाले, "ये पोट्टे के हातां को कान हैं, बाई. मैं बोलने के पैले सुन लेता." मग आवाज उतरवून म्हणाले, "गाडी किसकी है, बराबर पूछ लेना. कागद हुआ तो अच्छा."

मी ते ऐकलं. घरी आल्यावर पाटलांकडे कागदाचा विषय काढावा, असं माझ्या मनात आलंही होतं. पण पाटलांच्या सुनेनं त्या दिवशी मला लोणच्याची बरणी दिली, आणि विषय राहिला. मी, जी वाक्यांना आकडे घालत होते, तिनं एवढा एक कागद केला नाही.

तोवर दुष्काळ लागला होता. विहिरी एकेक करून आटल्या. गावात पाटलांच्या विहिरीला तेवढं पाणी उरलं. ते कुणाला किती द्यायचं हे पाटील ठरवायचे. आम्हाला दोन हंडे मिळायचे. किसनराव रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागले. त्याच दिवसांत मी वहीत रेडिएटरचं पान उतरवलं आणि वाचून दाखवलं, "फक्त स्वच्छ आणि मऊ पाणी वापरावं."

मिलिंद इतका हसला, की त्याला खाली बसावं लागलं. "बाई, ह्ये पुस्तक लिहिणाऱ्याला एकदा आमच्या वस्तीत आणा. म्हणावं, मऊ तर राहू दे, पाणी दाखव."

रेडिएटरमध्ये त्यानं वस्तीतलं धुण्याचं, निवळून घेतलेलं पाणी घातलं. कुणाकडून तांब्या, कुणाकडून गडवा. ज्यांना प्यायला मिळत नव्हतं, त्यांनी त्याला ते दिलं. गाडी वस्तीत येणार आहे, हे त्या घरांतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

गाडी सुरू झाली ती फेब्रुवारीतल्या एका सुट्टीच्या दिवशी, सकाळी. तिसऱ्या झटक्याला तिनं ठसका दिला, काळा धूर सोडला आणि शेडचे पत्रे थरथरू लागले. गोठ्यातली जनावरं दावी तोडायला लागली. मिलिंद स्टिअरिंगपाशी बसला, गाडी शेडमधून बाहेर आली आणि आवारात तिनं एक पूर्ण फेरी मारली. तो हसत नव्हता. मान तिरकी करून नुसता आवाज ऐकत होता. फाटकाबाहेर पोरं जमली होती. ओढ्यापलीकडे वस्तीतली माणसं उभी होती, ती माझ्या ओसरीवरून दिसत होती. बायकांनी सणाला नेसायच्या पांढऱ्या साड्या नेसलेल्या होत्या.

आवाज ऐकून पाटील बाहेर आले आणि फाटकात उभे राहिले.

"थांब. कुठं निघाला?"

"वस्तीत."

"कुणाची गाडी घेऊन?"

मिलिंदला प्रश्नच कळला नाही. "तुम्ही दिली व्हती की, पाटील. सगळ्यांसमोर."

"मी मेलेलं दिलं," पाटील म्हणाले. ते चिडलेले नव्हते. समजावून सांगावं तसं बोलत होते. "मेलेलं ओढून न्या म्हणलं. तुम्ही ओढलं न्हाई. आता ह्ये जितं हाय. जितं जनावर कुणाचं असतंय, सांग बरं? गावाची रीत तुझ्या बापाला इचार."

"मी तवाच म्हणलं व्हतं ती मेली न्हाई."

"म्हंजे तुला ठावं व्हतं जिती हाय म्हणून. मंग?"

 मुलाचंच वाक्य त्याच्यावर उलटलं होतं. पाटलांनी ओसरीकडे पाहिलं. "बाई, तुम्ही शिकलेल्या. तुमच्यासमोर झालं. मी काय शब्द बोल्लो व्हतो?"

इंजिन चालूच होतं. किसनराव ओढा ओलांडून फाटकाशी आले होते. त्यांनीही माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "मेलेलं धूड आहे, घेऊन जा ओढून, असं म्हणाला होतात."

"बराबर," पाटील म्हणाले.

"त्याच्या पुढचं सांगा ना, बाई," मिलिंद म्हणाला.

पुढचं म्हणजे 'बघू मंग तुझं डाक्टरपण'. त्यापुढचं म्हणजे वर्षभर रोज पाटलांच्या डोळ्यांदेखत चाललेलं काम, आणि एकदाही न आलेला नकार. हे सगळं मला सांगता आलं असतं. मी उभी राहिले आणि काही बोलले नाही. तुमचा बाबा तेव्हा तीन महिन्यांचा होता. घरात दोन हंडे पाणी येत होतं, ते पाटलांच्या विहिरीतून. मी खोटं बोलले नव्हते. एवढंच मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले आहे, आणि त्याचा काही उपयोग झालेला नाही.

किसनराव वाद घालत बसले नाहीत. म्हणाले, "चल, मिलिंद."

"अरे, त्याला काय हाकलून राह्यलो का मी?" पाटील म्हणाले. "त्याच्याशिवाय चालवणार कोण? राहू दे ड्रायव्हर म्हणून. सावलीत बसंल. खडी फोडण्यापरीस बरं."

"चल," किसनराव पुन्हा म्हणाले.

मिलिंद खाली उतरला होता. त्याचा एक हात बॉनेटवर होता, तो त्यानं काढला नाही. "बा, तिचं पाणी काढून ठेवायचं राह्यलंय."

 किसनराव एकटेच परत गेले. ओढ्यापलीकडची माणसंही एकेक करून घरात गेली.

मिलिंद शेडमध्ये राहिला. शाळेत पुन्हा आला नाही. वर्गातला माझा सगळ्यात चांगला विद्यार्थी होता तो, मॅट्रिक सहज झाला असता. त्याची आई दुपारी शेडच्या मागच्या बाजूनं भाकरी ठेवून जायची. वडील त्याच्याशी बोलत नाहीत, वस्तीत त्याला कुणी बस म्हणत नाही, हे मला बायकांकडून कळलं. तो पाटलांना हसनाबादला पाहुण्यांकडे न्यायचा, बाजाराला न्यायचा. परवाना मागण्याइतकं धाडस त्या रस्त्यावर कुणाला नव्हतं. गावातली माणसं गाडीला वाट द्यायची आणि गाडी गेल्यावर थुंकायची. ती पाटलांवर थुंकत की त्याच्यावर, सांगता येत नसे.

मी एकदाच त्याला विचारलं, "का राहिलास रे?"

तो गाडीखाली होता. तिथूनच म्हणाला, "दुसऱ्या कुणी चालवली तर आठ दिवसांत मारून टाकंल, बाई." थोड्या वेळानं म्हणाला, "तुम्ही का न्हाई बोलल्या?"

 त्यानं दुसऱ्यांदा विचारलं नाही, आणि माझ्याशी वागणं बदललंही नाही. ते बदललं असतं तर मला सोपं गेलं असतं.

मे महिन्यात आजोबांची बदली झाली. ते आधी गेले. मी, तुमचा बाबा आणि एक ट्रंक मागे उरलो. पाटील म्हणाले, लेकराला घेऊन ट्रकमधून कशाला जाता, गाडी सोडंल स्टेशनला. मी नको म्हणाले नाही. सकाळी लवकर निघालो तरी नऊ वाजेपर्यंत ऊन चटके देऊ लागलं.  पुढं रस्त्याचं दुष्काळी काम लागलं. दोन्ही बाजूंना बायका, पुरुष, पोरं हातोडे घेऊन बसलेली. नुकतीच फोडलेली खडी रस्त्यावर पसरून ठेवली होती, अजून दाबली नव्हती. फर्लांगभर नुसते धारदार काळे दगड. मुकादम ओरडला, "सरका, सरका, पाटलाची गाडी आली."

सगळे सरकले. एक माणूस तेवढा उठून उभा राहिला, तो किसनराव.

मिलिंदनं गाडी थांबवली. हॉर्न दिला नाही. किसनरावांनी गाडीच्या पुढच्या चाकांकडे पाहिलं. टायर झिजून गुळगुळीत झाले होते, आतले धागे दिसत होते. त्या खडीवर ते दहा पावलंही टिकले नसते. त्यांनी हातोडा खाली ठेवला. मग वाकून त्यांनी चाकांच्या वाटेतला एक दगड उचलला आणि बाजूला टाकला. मग दुसरा. दोन्ही चाकांपुढं दोन वाटा करत ते वाकलेलेच पुढं सरकू लागले. मुकादम म्हणाला, "किसन, अरे तुला कुणी सांगितलं?" त्यांनी लक्ष दिलं नाही.

मिलिंद पहिल्या गियरमध्ये त्यांच्या मागं गाडी नेत राहिला. दोघांमध्ये चार हातांचं अंतर असेल. वडिलांनी मागं वळून पाहिलं नाही. इंजिन तापलं, वाफेचा वास येऊ लागला, तुमचा बाबा रडायला लागला, आणि मी त्याला कितीही थोपटलं तरी माझं लक्ष त्या वाकलेल्या पाठीवरून हलेना. त्या फर्लांगाला किती वेळ लागला मला सांगता येणार नाही. खडी संपली तिथं किसनराव रस्त्याच्या कडेला झाले, हात धोतराला पुसले आणि आपल्या जागेकडे परत चालू लागले.

मिलिंदनं गाडी उभी केली. समोर बघतच विचारलं, "बाई, पाणी हाय का?"

मला वाटलं, रेडिएटरसाठी. फिरकीच्या तांब्यात बाळासाठी उकळून घेतलेलं पाणी होतं. तो तांब्या मी पुढं केला. तो घेऊन मिलिंद खाली उतरला आणि खडीवरून मागं चालत गेला. किसनराव तोवर आपल्या ढिगाशी जाऊन बसले होते. मिलिंदनं तांब्या त्यांच्यासमोर जमिनीवर ठेवला. काही बोलला असेल तर मला ऐकू आलं नाही. परत आला, बसला आणि त्यानं गियर टाकला.

वळण येईपर्यंत मी मागच्या काचेतून बघत होते. किसनरावांचा हातोडा चालू होता. तांब्याला त्यांनी हात लावलेला नव्हता.